निजवणारे वस्ताद

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी दुसरबीडच्या वस्तादांचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. वडील तर मान हलवून म्हणतात, "खरं हाय ते." वस्तादांचं खरं नाव रेशनकार्डावर आणि दुकानाच्या लाइट बिलावर होतं. बाकी त्यांच्या बायकोपासून, म्हणजे आमच्या चाचींपासून, एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे.

त्यांचा धंदा गाद्या-रजया भरण्याचा. वडिलोपार्जित पिंजाऱ्याचं काम. कापूस पिंजायची मोठी धनुकली भिंतीवर टांगलेली असायची, पण प्रत्यक्ष काम मोटारीवरच्या यंत्रावर चालायचं. तरुणपणी ते पहिलवान होते. त्या दिवसांची खूण म्हणजे त्यांचा उजवा कान, सुकलेल्या अंजिरासारखा चुरगळलेला. त्या कानात ते रोज अत्तराचा ताजा फाया ठेवत. त्यामुळे वस्ताद रागावून अंगावर आले तरी आधी हिन्याचा वास यायचा आणि मग शिव्या.

दुकानात तयार गाद्यांची थप्पी असे. तिच्यावर मांडी घालून वस्ताद दिवसभर बसत आणि तिथूनच आम्हा पोरांची पोलीस भरतीची तयारी करून घेत.

ती वर्षं आमच्या भागाला बरी नव्हती. नवं बीटी बियाणं आलं होतं. बोंडअळी कमी झाली खरी, पण दुसरीच कीड पानांवर बसू लागली आणि पाठीवरचा फवारणीचा पंप काही खाली उतरला नाही. पावसाचा भरवसा नव्हता, भावाचा त्याहून नव्हता. वर्तमानपत्र उघडलं की वाईट बातमी असायची, म्हणून चहाच्या टपरीवर लोक आधी शेवटचं पान वाचत. अशा दिवसांत खाकी कपडे म्हणजे एक तारखेला हमखास येणारा पगार. त्यामुळे पहाट झाली की मेहकर रोडवर पोरांची रांग लागायची. सगळे पळायचे. कोणी कमरेला ट्रकचा टायर बांधून, कोणी बापाचे बूट घालून.

मीही पळायचो. घरात पहिला बी.ए. मी. पहाटे पळायचं, दिवसभर वडिलांबरोबर शेतात राबायचं, संध्याकाळी पुन्हा पळायचं आणि मग पुस्तक घेऊन बसायचं. आईबाप उन्हात वाकलेले असताना आपण आडवं व्हायचं, ही कल्पनाच मला सहन होत नसे. आदल्या वर्षीच्या भरतीला तर मी कळसच केला. पाय तयार आहेत का ते पाहावं म्हणून आदल्या दिवशी पूर्ण पाच किलोमीटर पळालो, रात्रीची बस धरून बुलढाण्याला गेलो आणि मैदानाच्या फाटकाशी उकिडवा बसून सकाळ केली. शिट्टी वाजली तेव्हा पाय जणू शेजाऱ्याचे होते. थोडक्यात गेलं. वडिलांनी फक्त एवढंच म्हटलं, "अजून एक बार पाह्य. नाही झालं तं जालन्याच्या कारखान्यात लाग. मले एकट्याले आता शेत झेपत नाही अन् तुलेही किती दिवस असं ठेवू?"

म्हणून मी वस्तादांकडे गेलो. थप्पीसमोर उभा राहिलो आणि माझी सगळी मेहनत सांगितली. पहाटेचं पळणं, संध्याकाळचं पळणं, टायर, टेकडी. वाटलं, शाबासकी मिळेल.

वस्ताद म्हणाले, "झालं? आता आराम सांग."

"आराम?"

"निजतो केव्हा बे?"

मी अभिमानाने म्हणालो, "झोप तर जवळजवळ सोडलीच आहे, वस्ताद."

त्यांनी कानातला फाया काढला, हुंगला आणि परत ठेवला. "रोज पेरते अन् रोज उकरून पाहते, उगवलं का म्हणून! कसं उगवीन रे बह्याडा? मेहनत तं गाढवही करते. आराम करनं हा इलम हाय. काढ बूट."

मी बूट काढले. त्यांनी लेस एकमेकींना बांधून ते धनुकलीला लटकवले. "चार दिवसांनी घेऊन जा," ते म्हणाले. "तोवर पळताना दिसला तं तंगडी मोडून ठेवीन. तेवढाच तुले आराम."

अशा रीतीने माझं प्रशिक्षण न पळण्यापासून सुरू झालं.

वस्तादांची तालीम मऊ होती असं मात्र कोणी समजू नये. ज्या दिवशी काम असे त्या दिवशी जीव निघायचा. गावामागच्या टेकडीवर ते आम्हाला इतकं चढवायचे-उतरवायचे की परतताना जिन्याच्या दोन पायऱ्यासुद्धा डोंगर वाटत. वर जोर आणि बैठका. पण दुसऱ्या दिवशी बूट धनुकलीला. ज्याचे डोळे ओढलेले दिसत, जो विनोदावर हसत नसे, त्याचे बूट न विचारता जप्त व्हायचे. वस्तादांची ही चाचणी होती. ते सकाळी एक जुनाच विनोद सांगत, सासऱ्याच्या म्हशीचा. जो हसे तो पळायला जाई. जो नुसता बघत राही, त्याला ते म्हणत, "तू थकला. जा, नीज." विनोद इतका शिळा झाला होता की शेवटी आम्ही पळायला मिळावं म्हणून खोटं हसायला लागलो. तेही त्यांना ओळखू यायचं.

दुपारी आम्हा पाच-सहा जणांना दुकानात नव्या गाद्यांवर झोपावं लागे. सक्तीने. एकदा लग्नाची गादी घ्यायला देऊळगाव राजाकडचे पाहुणे आले. पाहतात तर दुकानभर आडवीतिडवी पोरं, घोरणं चाललेलं. मुलीचा बाप दारातच थबकला.

"हे काय हो?"

वस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. गाद्यायची तपासनी चालू हाय. हे सारे उद्याचे पोलीस. ह्या कोपऱ्यातल्या गादीवर तं फौजदार झोपला हाय, तीच घ्या. जावई रुबाबदार निघते."

त्या बापाने तीच गादी घेतली. कोपऱ्यातला तो "फौजदार" म्हणजे मी. माझ्या अंगाखालून गादी ओढून नेली तेव्हा कुठे मला जाग आली. वस्ताद खूश झाले. "पाहा बे," ते बाकीच्यांना म्हणाले, "याले म्हंतेत झोप!"

झोपण्याआधी मात्र एक काम असायचं. डोळे मिटून, पडल्या पडल्या, सगळी शर्यत तोंडाने पळायची. वस्ताद थप्पीवरून विचारत, "शिट्टी झाली. सांग."

"निघालो, वस्ताद."

"कसा निघाला? साऱ्यायच्या पुढं?"

"हो."

"मेला मंग! मांगं ये. मधात राह्य. आता?"

"तिसरा फेरा. बरगडीत कळ आली."

"येऊ दे. पाहुनी हाय. चहा न घेता जाईन. श्वास लांब सोड. पुढं?"

असं करत करत शेवटच्या रेषेपर्यंत. रेषा ओलांडली की तिथेच थांबायचं नाही. साहेबांनी काय लिहिलं, बाहेर आल्यावर कोणाला पहिलं पाहिलं, एसटीतून फाट्यावर उतरलो तेव्हा टपरीवाला काय म्हणाला, आई कुठं होती, तिच्या हातात काय होतं, हे सगळं सांगायचं. मी पहिल्यांदा म्हणालो, "आई कापूस वेचत असेल." वस्ताद एकदम ओरडले, "आजही? पोरगा पास होऊन आला अन् माय वावरात? घरी बसव तिले! बाजेवर बसव!" मग मी रोज आईला बाजेवर बसवू लागलो. गंमत अशी की त्या बाजेवर बसलेल्या आईसाठी दुसऱ्या सकाळी टेकडी चढताना पायांत जोर यायचा. घामाने जी जिद्द कधी टिकली नाही, ती गादीवर पडून टिकायला लागली.

चाची हे आतल्या खोलीतून ऐकत असायच्या. रजईला टाके घालता घालता एकदा मला म्हणाल्या, "बाबू, चुलीतला विस्तू रातच्याले राखेत दाबून ठेवते ना तुझी माय? जळत ठेवला तं सकाळी काय फुंकीन? यायचं तेवढंच म्हननं हाय, बाकी सारा नखरा." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "साऱ्या गावाले निजवते, पन ह्या मानसाले सोताले झोप नाही. मोठ्या कुस्तीच्या आधी जवानीत हट्टानं मेहनत करत राह्यले, आखाड्यात उतरले अन् हात उचलेना. तवापासून पडले की तीच कुस्ती लढतेत. पाठ टेकते, डोळा नाही."

मी वस्तादांकडे पाहिलं. ते थप्पीवर बसून एका पोराला शेवटच्या रेषेपलीकडे नेत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वस्ताद प्रथमच आमच्या घरी आले. आमचं गाव दुसरबीडपासून चालत जाण्याइतकं जवळ. मी चार दिवस तालमीला गेलो नव्हतो, कारण कपाशीवर फवारणी चालली होती आणि मजूर मिळत नव्हता. पहाटे मात्र मी चोरून पळून घेत होतो. दोन्हीकडून जमवायचं होतं.

अंगणात वडील बैलांची खांदशेकणी करत होते. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यांना धुतात, वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, पळसाच्या पानांनी कोमट पाण्याचा शेक देतात आणि उद्याच्या पुरणपोळीचं आमंत्रण देतात. वडील दोन्ही बैलांच्या कानाशी वाकून म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल डोळे मिटून उभे होते. मी नुकताच शेतातून आलो होतो. पंपाच्या पट्ट्यांचे वळ खांद्यावर, पोटऱ्या दगडासारख्या.

वस्ताद खाटेवर बसले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "काऊन भाऊ, आज बैल जुंपले नाहीत?"

वडिलांना प्रश्नच कळेना. "वस्ताद, आज खांदशेकनी हाय. आज जू ठेवलं तं पाप लागते."

"अस्सं." वस्तादांनी माझ्याकडे बोट केलं. "मंग या तिसऱ्या बैलाले काऊन जुंपलं?"

आई दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. वडिलांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "आमचं घर आमाले चालवा लागते, वस्ताद," ते म्हणाले आणि पुन्हा बैलाकडे वळले. वस्ताद चहा न घेता उठले. जाताना त्यांनी दारातले माझे बूट उचलून नेले.

पोळा झाला. त्यानंतर एक दिवस मी पंपाकडे हात नेला तर तो जागेवर नव्हता. वडील मला न उठवताच तो पाठीवर बांधून शेतात गेले होते. मला ओशाळल्यासारखं झालं, मी मागे धावणार होतो. आई म्हणाली, "बस. आज त्यायले जाऊ दे."

भरतीची तारीख आली तेव्हा वस्तादांनी जाहीर केलं की आम्ही एक दिवस आधी बुलढाण्याला जाणार आणि बरोबर गादी येणार. ते गंमत करताहेत असं मला वाटलं. फाट्यावर पोचलो तर खरंच सुतळीने बांधलेली नवी कोरी गादी त्यांच्या शेजारी उभी.

कंडक्टर म्हणाला, "वस्ताद, हे नाही जमत. बस हाय, ट्रक नाही."

"खेळाडूचं सामान हाय ते. क्रिकेटवाला बॅट आनते तवा तू काही म्हंतो का?"

"बॅटवर कोनी झोपत नाही हो!"

"म्हनून तं हरतेत!"

सगळी बस हसली आणि कंडक्टरचा नाइलाज झाला. गादी मागच्या सीटजवळ ठेवली गेली. पुढच्या थांब्यावर तीन म्हाताऱ्या चढल्या आणि सरळ तिच्यावर बसल्या. चिखली येईपर्यंत तिघी एकमेकींच्या खांद्यावर झोपून गेल्या होत्या. वस्तादांनी मला कोपराने ढोसलं. "कापूस पाह्य. आपल्याच वावरातला हाय. याच कापसानं साऱ्या गावाची झोप उडवली अन् यानंच आली पाहिजे."

बुलढाण्यात वस्तादांच्या भाचीचं घर होतं. तिच्या ओसरीवर गादी पसरली. माझे बूट वस्तादांच्या उशाला. मैदानाकडून पोरांचे पळण्याचे आवाज ऐकू येत होते. मी उठून बसलो. "वस्ताद, एकच चक्कर. पाय मोकळे करतो."

"नाही."

"अर्धी."

"मांगच्या साली मोकळे केले होते ना? केवढे मोकळे झाले होते? नीज."

मी पडलो, पण झोप येईना. जालन्याचा कारखाना डोळ्यांसमोर येत होता. ऊन उतरलं तेव्हा अंगणात कोणाची तरी पावलं वाजली. डोळे उघडले तर वडील. धोतराच्या सोग्यात काहीतरी गुंडाळलेलं. ते न सांगता, दुपारची बस धरून, घर विचारत विचारत आले होते.

त्यांनी वस्तादांना रामराम केला. मग सोगा सोडला. आत पळसाची पानं होती आणि एका डबीत हळद-लोणी.

"जरा कोमट पानी भेटीन का?" त्यांनी भाचीला विचारलं.

पाणी आलं. माझे वडील माझ्या पायांशी बसले. ज्या हातांनी बैलांचे खांदे चोळले होते त्या हातांनी त्यांनी माझ्या पोटऱ्यांना, नडग्यांना हळद-लोणी लावलं. पानं बुडवून हळूहळू शेक दिला. मी पाय ओढून घ्यायला लागलो तर म्हणाले, "हालू नको." ते माझ्याशी आयुष्यात इतका वेळ इतके जवळ कधी बसले नव्हते. शेवटी ते वाकले आणि माझ्या पायांकडे बघतच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वस्तादांनी तोंड फिरवलं. बराच वेळ ते कानातला फाया नीट करत बसले.

मला कधी झोप लागली ते कळलं नाही. सकाळी भाची म्हणाली, मामू तुझ्या उशाशी बसूनच होते, एक मच्छर बसू दिला नाही.

आता शर्यतीचं काय सांगू? ती मी गादीवर इतक्या वेळा पळालो होतो की मैदानावरची मला दुसऱ्या खेपेसारखी वाटली. शिट्टी झाली, मी मधे राहिलो. पुढचे पुढे गेले, मी जाऊ दिले. तिसऱ्या फेऱ्यात बरगडीत कळ आली आणि मी मनात म्हणालो, "या, बसा." श्वास लांब सोडला. ती निघून गेली. मग एकेक पाठ जवळ येऊ लागली. टायर बांधणारे, रात्रभर फाटकाशी बसलेले, गेल्या वर्षीच्या माझ्यासारखे. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, पण पाय थांबेनात. पायांत नवा कापूस भरल्यासारखं हलकं होतं. शेवटच्या फेरीला मी मोकळा सुटलो. रेषा मागे पडली तरी वळण येईपर्यंत पळतच होतो. साहेब ओरडले, "अरे, झालं! थांब!"

कुंपणाबाहेर वडील जाळीला धरून उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. वस्ताद मात्र गुंडाळलेल्या गादीवर मैदानाकडे पाठ करून बसले होते. त्यांना बघवत नव्हतं. मी जाऊन समोर उभा राहिलो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने सासऱ्याच्या म्हशीचा विनोद सांगायला सुरुवात केली. तो पुरा व्हायच्या आतच मी हसलो, वडील हसले, आणि मग वस्ताद इतके हसले की अत्तराचा फाया कानातून खाली पडला.

लेखी परीक्षा झाली, यादी लागली, नाव आलं. फाट्यावर उतरलो तेव्हा टपरीवाला वेगळंच काही म्हणाला, पण घरी आई खरंच बाजेवर बसली होती. वडिलांनी तिला त्या दिवशी शेतात जाऊ दिलं नव्हतं.

ती गादी वस्तादांनी विकली नाही. पुढे कित्येक पोरं तिला घेऊन एसटीत चढली, आणि नंतर आमच्या भागातल्या मुलीही. कंडक्टर आता भांडत नाहीत, विचारतात, "आज कोनाचा नंबर?" मी आज प्रशिक्षण केंद्रात नव्या शिपायांना कवायत शिकवतो. सकाळी एक जुना विनोद सांगतो आणि जो हसत नाही त्याला बाजूला काढतो. ते मला विक्षिप्त म्हणतात, हे मला माहीत आहे.

माझं स्वतःचं प्रशिक्षण संपत आलं तेव्हा मी वस्तादांना एक पत्र लिहिलं होतं. चाचींनी ते जपून ठेवलं होतं आणि मागच्या खेपेला मला दाखवलं. ते तसंच देतो.

*

आदरणीय वस्ताद,

सलाम. मी खुशाल आहे. इथे पळवतात भरपूर, पण दिवे गेले की मी लगेच झोपतो. बराकीतले सगळे विचारतात की ही विद्या कुठे शिकलास. मी सांगतो, गादीच्या दुकानात. कोणाचा विश्वास बसत नाही. आता सुट्टीच्या दुपारी अर्धी बराक डोळे मिटून तोंडाने पळते.

पुढच्या महिन्यात आमचं दीक्षांत संचलन आहे. मला तुकडीच्या पुढे चालायला निवडलं आहे. आईबाबा येणार आहेत. त्यांच्याबरोबर तुम्ही आणि चाचींनी यायचं आहे. नाही म्हणायचं नाही.

एक दिवस आधी या. गेटजवळ एका हवालदार साहेबांच्या घरी खोली सांगून ठेवली आहे. गादी आणू नका, मी इथे चांगली पाहून ठेवली आहे, झोपून तपासली आहे. आल्याबरोबर तुमचे जोडे मी काढून घेणार, ते सकाळपर्यंत मिळणार नाहीत. तुम्ही डोळे मिटायचे आणि ती जुनी कुस्ती मला तोंडाने सांगायची, अगदी सलामीपासून. हात उचलायची वेळ आली की मी सांगेन तसं करायचं. त्या वेळी हात उचलला जाईल. मग आखाड्याबाहेर कोण उभं होतं, घरी चाची कुठे बसल्या होत्या, तेही सांगायचं. त्यानंतर झोपायचं. मी उशाशी बसतो, एक मच्छर बसू देणार नाही.

बाबा डबी आणि पानं घेऊन येतीलच. या वेळी ती माझ्यासाठी नाहीत.

आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

तुमचा,
तिसरा बैल